आडवे पेंटर

पहिल्याच भेटीत मी त्यांना ढोंगी म्हणाले. तोंडावर म्हणाले. मला एकविसावं सरत होतं, आणि आमच्या पाच जणांच्या मंडळात पाठीमागे बोलणाऱ्याला भित्रा समजायची पद्धत होती.

पांढुर्ण्याच्या रेल्वे फाटकापलीकडे त्यांची टिनाची शेड, मागे राहायची खोली, मध्ये अंगण. मी आत शिरले तेव्हा ते जमिनीवर आडवे पडले होते. डाव्या कुशीवर, हात डोक्याखाली. शेजारी पिठाच्या गिरणीची कोरी पाटी. डोळे टक्क उघडे. मी म्हटलं, "काका, काम आणलंय, उठता का?" तर बोट ओठांवर ठेवलं. मी दहा मिनिटं उभी. मग ते उठले, खांद्यावरची माती झटकली आणि म्हणाले, "गिरणीवाल्यानं 'बारीक दळण' लिवाले सांगतलं. काल मी घरचे गहू दळून आणले तं जाडं आलं. आता काय लिवावं ते इचारून राह्यलो होतो."

"कोणाला?"

"मारुतीले."

"हे ढोंग आहे," मी म्हणाले.

"असंन बाप्पा," ते म्हणाले. "बस. चहा घेशीन?"

जामसांवलीचा मारुती उभा नाही, निजलेला आहे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. काका दर शनिवारी सायकलने तिथं जायचे. नवस नाही, नारळ नाही. देवळाबाहेर झाडाखाली त्याच कुशीवर निजायचे आणि परत यायचे. आणि शेडमध्ये प्रत्येक कोऱ्या पाटीशेजारी तसेच. काय लिहायचं, मुळात लिहायचं की नाही, हे त्यांना आडवं पडल्यावर कळायचं. उभ्याने कळायचं नाही. गावाने नाव ठेवलं, आडवे पेंटर. त्यांच्या मुलींना शाळेत त्यावरून चिडवायचे, आणि त्याबद्दल मी कधी काकांना माफ केलं नाही.

आता विचारा, अंधश्रद्धेविरुद्ध गुलाबी कागदावर पत्रकं वाटत हिंडणारी मी याच माणसाकडे भिंती रंगवून घ्यायला का गेले? अक्षरासाठी. चौदा वर्षं त्यांनी एका सरकारी कचेरीत नकाशे उतरवले होते. पाटीचं अक्षर आधी पातळ कागदावर काढायचे, त्याच्या कडेने टाचणीने बारीक भोकं पाडायचे, मग कागद पाटीवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावरून थोपटायचे. कागद उचलला की पाटीवर काळ्या ठिपक्यांचं अक्षर. मगच ब्रश. आमच्या पूर्ण तालुक्यात दुसरा पेंटर असली उठाठेव करत नव्हता. त्यांची पाटी चालत्या बसमधून वाचता यायची. मोतीबिंदू झालेली म्हातारीही थांबून वाचायची.

मी पहिल्या दिवसापासून त्यांच्याशी भांडत होते. "काका, मारुती बोलतो का तुमच्याशी?"

"मी कधी म्हटलं बोलते म्हणून?"

"मग हुकूम कसा मिळतो?"

"तो बोलत नाही हेच बरं आहे. बोलला असता तं साह्यबासारखा बोलला असता. उभं राह्यलं का मले पाटी दिसत नाही वो. गिऱ्हाईक दिसते. आडवं पडलं का गिऱ्हाईक दिसत नाही, नुसती पाटी दिसते."

याला मी त्या वेळी काय म्हटलं असेल? 'भावनिक पळवाट' म्हटलं. हा शब्द मी नुकताच एका पुस्तिकेतून उचलला होता आणि दिसेल त्याला मारत होते.

नोकरी सोडली त्याचीही गोष्ट दोन तोंडांनी ऐकायची. त्यांच्या तोंडची अशी: एका गावचा नकाशा उतरवायला आला. त्यात एक विहीर. ती विहीर त्यांच्याच सासुरवाडीची. केव्हाच बुजवून तिच्यावर गोठा बांधला होता. हे त्यांना माहीत होतं आणि तरी त्यांनी आजवर चार वेळा ती विहीर शाईने गोल काढली होती. पाचव्यांदा हात अडला. साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "जैसा है वैसा उतारो." काका म्हणाले, "साह्यब, जैसा है तं तिथं गोठा आहे. दोन म्हशी आहेत." साहेबांनी बाहेर काढलं. पुढच्या शनिवारी जामसांवलीला जाऊन निजले आणि सोमवारी राजीनामा दिला. आता यापुढे आपल्या हातून जे अक्षर उमटेल ते खोटं नसेल, आणि त्याच अक्षरावर घर चालवायचं. मारुतीचा हुकूम.

काकूंच्या तोंडची अशी: "झोप लागली होती याइले तिथं. बाकी काय? चांगली सरकारी नोकरी. झोपीतून उठले अन् सोडून आले. मी वांग्याची भाजी टाकली होती चुलीवर. अख्खी जळाली. अजून त्या भाजीच्या गंजाले वास येते."

काकू म्हणजे काटक बाई, बोलणं विळीसारखं. नवऱ्याच्या मारुतीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणजे मारुतीवर होता, नवऱ्याच्या मारुतीवर नव्हता. आणि त्यांच्या हातात एक धागा होता. कचेरीतले बडेबाबू, म्हणजे मुख्य कारकून, भला माणूस. त्यांनी राजीनाम्याचा कागद वर पाठवलाच नव्हता. टेबलाच्या खणात ठेवून दिला होता आणि हजेरीवर लांब रजा मांडली होती. घरी येऊन काकूंना सांगून गेले, "बाई, पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत मी दाबून ठेवतो. तवरिक डोकं ठिकाणावर आलं तर चुपचाप येऊन खुर्चीवर बसू द्या. पुढे माझ्या हातात नाही."

काकूंनी नवऱ्याला ऐकवलं, "पोळ्यापर्यंत तुमचा मारुती. पोळ्यानंतर माही कचेरी."

काका म्हणाले, "बरं."

त्या मुदतीत धंदा उभा राहायला हवा होता. आणि धंदा असा चालला होता: बसस्टँडवरच्या हॉटेलवाल्याला 'ताजा चहा' लिहून पाहिजे होतं. काका सकाळपासून दुपारपर्यंत त्याच्या बाकावर बसले आणि पाटी लिहिली, 'सकाळी ताजा चहा'. शिंप्याला 'फिटिंगची गॅरंटी' हवी होती. काकांनी त्याच्याकडून सदरा शिवून घेतला, आठ दिवस घातला, आणि लिहिलं, 'सदरा चांगला शिवतात'. शिंपी म्हणाला, "अन् पँट?" काका म्हणाले, "पँट मी घालत नाही. मले काय मालूम?" शिंप्याने ती पाटी लावली मात्र. लोक पाटी पाहून हसायचे आणि सदरा टाकून जायचे.

संत्र्याच्या एका व्यापाऱ्याने पेट्यांवर मारायचा छाप मागितला. मोठं काम. फळांचा बार आला की शेकड्याने पेट्या दिल्ली-कलकत्त्याकडे जातात. छापात लिहायचं होतं 'एक नंबर संत्रा'. काकांनी भरलेली पेटी मागितली, उघडली, वरचा थर काढला, मधला काढला, आणि अगदी तळाचा थर बाहेर मांडला. व्यापारी बिचारा खरंच दुखावला. "पेंटर," तो म्हणाला, "खालचा थर पाहाचा नसते गा. धंद्यात कोणी पाहत नाही." काकांनी छाप केला नाही. मी त्या दिवशी शेडमध्ये होते. मी टाळ्या वाजवल्या. व्यापारी, नफेखोर, सगळं मनात आलं आणि बोललेही. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुह्याबी पेटीचा तळ पाहीन मी."

मला राग आला. माझ्या पेटीचा! आमचं पत्रक म्हणजे काय संत्री होती?

आमचं काम हे होतं. रामाकोन्याकडून आत एका गावात एक महाराज बसायचे. नाव घेत नाही, त्यांना लोक पाणीवाले महाराज म्हणत. काविळीवर मंतरलेलं पाणी द्यायचे. पावसाळ्यात कावीळ पसरली की त्यांच्या अंगणात बैलगाड्या लागायच्या. दवाखान्यात न्यायचं नाही, गोळी द्यायची नाही, अकरा दिवस पाणी प्यायचं. आमच्या मंडळाने पत्रक काढलं: 'पाच जीव घेणारे पाणी.' खाली पाच नावं. ती मीच लिहिली होती आणि मला त्या मथळ्याचा फार अभिमान होता. आता हेच वाक्य सौसरच्या रस्त्यावरच्या पाच भिंतींवर हवं होतं, चालत्या बसमधून वाचता येईल असं.

काकांनी पत्रक घेतलं, घडी करून खिशात घातलं. आडवे पडले नाहीत. म्हणाले, "ही पाच घरं पाहून येतो पहिले."

"काका, माहिती पक्की आहे. आमच्या चिटणीसाने आणलीय."

"तो गेल्ता का घरोघरी?"

चिटणीसाला एका कंपाउंडरने चहाच्या टपरीवर सांगितलं होतं. हे मी काकांना सांगितलं नाही. "वेळ कुठे आहे?" म्हणाले. "तुम्ही चौकशी करत बसाल तोवर सहावा मरेल."

"हौ," ते म्हणाले, "जल्दी जातो."

पाच दिवस शेड बंद. सायकल घेऊन गावोगाव गेले. परत आले ते चिखलाने माखलेले. मी, आमचा चिटणीस आणि काकू, तिघेही अंगणात होतो. त्यांनी पत्रक उलगडलं. प्रत्येक नावासमोर पेन्सिलीने बारीक अक्षरात टिपण. कावीळ कधी दिसली, पाणी कधी सुरू झालं, किती दिवस, कोण कोण घरी होतं. चार नावांसमोर तसं. पाचव्यासमोर काही नाही.

"पाचवा जिवंत आहे," काका म्हणाले. "माह्यासंग जेवला. दोन भाकरी जास्तच खाल्ल्या त्यानं."

झालं होतं ते इतकंच. त्या पोराला कावीळ झाली होती, महाराजांकडे नेलं होतं, हे कंपाउंडरला ठाऊक होतं. पुढे त्या दारात त्याने तेरवीचा मांडव पाहिला आणि धरून चालला की पोरगा गेला. तेरवी आजोबांची होती. पोरगा महाराजांचं पाणी पिऊन, किंवा पाणी पिऊनही, बरा झाला होता आणि नागपूरला लाकडं कापायच्या आरा मशीनवर कामाला लागला होता. काका गेले तेव्हा तो रजेवर घरी होता.

चिटणीस म्हणाला, "एकाने काय फरक पडतो? चार तर मेलेच ना."

"मंग चार लिवू. लिवतो मी. उद्याच लिवतो."

आता पत्रकं सगळीकडे पोहोचलेली. त्यावर पाच. भिंतीवर चार लिहिलं की आम्ही चुकलो हे आम्हीच रस्त्यावर लिहिल्यासारखं. मी म्हणाले, "काका, तुम्ही शत्रूच्या हातात कोलीत देताय. चार काय, पाच काय! मूळ मुद्दा एकच आहे."

"पाचव्याले इचार तो मुद्दा."

"तुम्ही प्रतिगामी आहात," मी म्हणाले. आवाज चढला होता माझा. "तुमच्या मारुतीला महाराज दुखवायचा नाहीये, सरळ सांगा ना."

त्यांनी काकूंकडे पाहिलं. "प्रतिगामी म्हणजे काय वो?"

"तुमीच," काकू म्हणाल्या. "पोळा पंधरा दिवसांवर आला. एवढ्या पाच भिंती हातात होत्या, त्याबी घालवा."

मंडळात आम्ही हात वर करून ठरवलं. पाच हात वर गेले, त्यात माझा होता. दुसऱ्या गावाहून पेंटर आणला. त्याने दोन दिवसांत, न विचारता, न निजता, पाचही भिंतींवर 'पाच' लिहिलं. अक्षर गिचमिड होतं.

याच आठवड्यात महाराजांची माणसंही काकांकडे येऊन गेली होती, हे मला मागाहून कळलं. त्यांना हमरस्त्यावर मोठी पाटी हवी होती: 'येथे कावीळ हमखास बरी होते.' काका म्हणाले, "हमखास म्हणजे किती जणांतले किती?" मग त्यांनी कागदावर लिहून दाखवलं, 'येथे काहींची कावीळ बरी झाली, काहींची नाही झाली.' ती माणसं शेडच्या दारावर लाथ मारून गेली. म्हणजे एका आठवड्यात काकांनी देवभोळ्यांचं काम घालवलं आणि आमचंही घालवलं. वर्षभराची कमाई होती दोन्ही मिळून.

नंतर जे झालं ते व्हायचंच होतं. महाराजांच्या लोकांनी पाचव्याला शोधलं. बाजाराच्या दिवशी त्याला हार घालून बैलगाडीत उभा केला, पुढे डफडी, आणि आमच्या पाचही भिंतींसमोरून मिरवला. प्रत्येक भिंतीसमोर गाडी थांबायची, तो हात वर करायचा, लोक हसायचे. एक जण ओरडायचा, "कोण मेलं?" आणि बाकीचे ओरडायचे, "कोणीच नाही!" बिचारा पोरगा लाजून मरत होता. मी औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून पाहिलं. आमचे चार बिनचूक मृत्यू त्या एका गाडीखाली चिरडले गेले. त्या दिवसानंतर कोणी त्यांच्याबद्दल विचारलं नाही. उलट अंगणातल्या गाड्या वाढल्या.

मंडळाने ठरवलं, खुलासा काढायचा नाही. आठ दिवसांत लोक विसरतात.

पोळ्याच्या तीन दिवस आधी मी शेडकडे गेले. खरं सांगायचं तर भांडायलाच गेले होते. तुम्ही आम्हाला जोर लावून अडवलं का नाही, असं काहीतरी मूर्ख डोक्यात होतं. काका बाहेर गेले होते. अंगणात पन्नाशीच्या आतला एक माणूस जमिनीवर बसला होता, शेजारी दाराची एक जुनी फळी. काकू म्हणाल्या, सकाळपासून बसला आहे. चारांपैकी एका पोरीचा बाप.

माझी ओळख काकूंनी करून दिली नाही. मीही दिली नाही.

तो काकूंशीच बोलत होता. "पेंटरबुवा आल्ते माह्या घरी. बसले. कोणत्या दिवशी डोळे पिवळे झाले, इचारलं. पोरगी जेवत होती का, इचारलं. कितवीत होती ते इचारलं. बाई, माही पोरगी गेली त्याले दीड महिना झाला, कितवीत होती हे कोणी इचारलं नव्हतं मले." मग फळीवर हात ठेवून म्हणाला, "परवा गाडी गेली आमच्या दारावरून. म्हणून राह्यले होते, कोणीच नाही मेलं. मंग माही पोरगी कुठं गेली?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. त्याच्या पोरीचं नाव मी माझ्या हाताने पत्रकात लिहिलं होतं, चार नंबरवर, आणि ती कितवीत होती हे मला माहीत नव्हतं.

काका आले. त्याने सांगितलं, घर रस्त्यावर आहे, महाराजांकडे जाणारी प्रत्येक गाडी दारावरून जाते. दाराशेजारी पाटी लावायची आहे. काय लिहायचं तेही त्याने पाठ करून आणलं होतं. काकांनी फळी घासली, पांढऱ्या रंगाचा हात दिला. मी वाट पाहत होते की आता हे आडवे पडणार. ते पडले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "इथं इचाराचं काय आहे?"

दुसऱ्या दिवशी रंग वाळल्यावर त्यांनी लिहिलं. माझ्या आणि बापाच्या समोर लिहिलं:

'माझी मुलगी. वय नऊ. चौथीत होती. कावीळ झाली. अकरा दिवस महाराजांचे पाणी पाजले. दवाखान्यात नेले नाही.'

बाप म्हणाला, "अजून एक ओळ आहे."

"मालूम आहे," काका म्हणाले. "ते आता नाही. घरी जाय, पोराबाळांत बस, बायकोले इचार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाटी घेऊन येतो. तवा म्हणशीन तं तुह्या दारात लिवीन."

ओळ अशी होती: 'मीच नेले नाही.'

माझं तोंड उघडलं होतं. ही ओळ नको, असं मला म्हणायचं होतं. यात महाराज सुटतो, दोष बापाकडे जातो, हे प्रचाराच्या दृष्टीने चुकीचं आहे. सगळी वाक्यं जिभेवर तयार होती. एकही बोलले नाही. मंडळात आल्यापासून मी गिळलेली तेवढीच वाक्यं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं पांढुर्णा गाव नदीवर असतं. दोन काठांवरच्या गावांनी एकमेकांना दगड मारायच्या त्या गोटमारीवर मी दोन पत्रकं लिहिली आहेत, इथे तो विषय नाही. रस्ते रिकामे होते, लांबून ढोल ऐकू येत होते. काका पहाटेच सायकलला फळी बांधून गेले होते. मी गेले तेव्हा काकू कांदे चिरत होत्या आणि बडेबाबू खाटेवर बसले होते. खिशातून कागद डोकावत होता.

"आज आखरी दिवस आहे बाई," ते म्हणाले. "सही त्याची आहे, पण विचारायला मी तुमच्याकडे आलो. त्याला विचारून फायदा नाही, तो जाऊन निजेल. तुम्ही म्हणाल तर कागद आत्ता फाडतो. उद्या तो कामावर. कोणी हूं की चूं करणार नाही."

काकू कांदा चिरतच राहिल्या. ज्या दिवसाची त्या होळीपासून वाट पाहत होत्या तो दिवस खाटेवर येऊन बसला होता. दोन मुली, भाड्याची खोली, हातात एकही काम नाही. मला वाटलं, फाडा म्हणतील. माझं मन म्हणत होतं, फाडा म्हणणंच बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असते तर म्हणाले असते.

"बडेबाबू," काकू म्हणाल्या, "चौदा वर्ष हे तुमच्याइथं होते. याइच्या हातचाच नकाशा पाह्यजे म्हणून कोणी आलं का कधी? सकाळपासून संध्याकाळपर्यंत मातीत बसलं का कोणी?"

बडेबाबू हसले. "नकाशा कोणाच्या हातचा आहे हे कोण पाहतो बाई? नकाशा तर टेबलावर बनतो."

"हौ ना." काकूंनी विळी आडवी केली. "पाठवून द्या कागद."

"बाई, गुस्स्यात बोलू नका."

"गुस्सा तं मले आहेच. मले हे काही पटत नाही, निजणं-बिजणं. लोक हसतात, पोरी रडतात. पण तो माणूस आल्ता ना, पोरीचा बाप. त्याले पाणी देलं मी, तं त्याच्यानं पिववलं नाही. पाण्याकडे नुसता पाहत राह्यला. त्या घरी जाऊन कोणाले तरी बसाच लागत होतं. कचेरीत बसून ते होत नाही. पाठवा."

बडेबाबू बराच वेळ बसले. चहा घेतला. उठताना कागद खिशात नीट आत सारला आणि म्हणाले, "उद्या डाकेत टाकतो." दारापर्यंत जाऊन परत वळले. बहुधा काकूंनी हाक मारावी म्हणून. काकूंनी हाक मारली नाही.

दुपारी काका आले. अंगाला घाम, बोटांना काळा रंग. काकूंनी पाहिलं आणि एकच विचारलं, "शेवटची?"

"लिवली. बायकोबी होती त्याची. ते म्हणाली, 'मीच' नको, 'आम्हीच' लिवा."

"अन् बडेबाबू येऊन गेले."

काकांचा हात रॉकेलच्या डब्याकडे गेला होता, तो थांबला.

"कागद गेला," काकू म्हणाल्या. "मी पाठवला."

ते रॉकेलच्या चिंधीने बोटं पुसत राहिले, रंग निघून गेला तरी पुसत राहिले. मला वाटलं आता मारुतीचं नाव घेतील. घेतलं नाही. काकूंकडे पाहून नुसते म्हणाले, "कांदा जास्त चिरला तू."

"चौघं आहोत ना जेवाले, पोरी अन् आपण. अन् हे पाचवी."

पाचवी मी. मी पिशवीतून कागद काढला. माफीचं पत्रक लिहून आणलं होतं, मंडळाला न सांगता. म्हटलं, "काका, त्या भिंतींवर पाचाचे चार करून द्याल? मी एकटी सांगतेय. मंडळ तयार नाही."

त्यांनी कागद घेतला नाही. हात ओले होते. "आकडा आता कायले पाह्यजे? चारांतल्या दुसऱ्या दोन घरच्याइनं बोलावलं आहे मले. आज तिथं पाटी लावताना पाहून बोलावलं. तू चाल संग. मी लिवतो, तू इचार."

"मला विचारता नाही येत, काका," मी म्हणाले. हे खरं होतं. मला सांगता यायचं.

आज चार पावसाळे झाले. महाराज अजून तिथंच आहेत. गाड्या कमी झाल्या का? झाल्या असं म्हणायला मला आवडलं असतं, पण मी मोजल्या नाहीत आणि न मोजता लिहिणार नाही. तीन घरांवर पाट्या आहेत. चौथ्या घराने नको म्हटलं, तिथे आम्ही फक्त जाऊन येतो. मंडळाने मला काढलं. काका अजून आडवे पडतात, आणि मी अजून म्हणते की मारुतीचा यात काही संबंध नाही. ते म्हणतात, "असंन बाप्पा."

त्या दिवशी मात्र मी त्यांच्या घरी पोटभर जेवले. निघताना विचारलं, उद्या किती वाजता येऊ, वही कोणती आणू, प्रश्न लिहून आणू का. काका सायकलच्या चाकाला लागलेला चिखल खरवडत होते. उत्तर काकूंनी दिलं, आतून, भांडी घासता घासता:

"वही-पेन राहू दे घरी. पहिल्या दिवशी नुसती बस."